त्रिवार पुकारा

दिवाणी न्यायालयाच्या नाझर शाखेत ज्याने आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे समन्सांची बजावणी आणि बेलिफांचे अहवाल यांच्या दप्तरात घालविली, त्या मनुष्याला नावाने हाक मारणे आणि त्या हाकेला ओ मिळणे या दोन गोष्टींमधले अंतर कोणी नव्याने शिकवावयास नको होते. तरीही सेवानिवृत्तीनंतर वेळणेश्वरच्या वडिलोपार्जित घरात येऊन राहिल्यावर एका तीन महिन्यांच्या मांजरीने मला तो धडा पहिल्या यत्तेपासून पुन्हा गिरवावयास लावला, आणि तोही कोर्ट फी न आकारता.

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातले, डोंगरउतार आणि समुद्र यांच्या बेचक्यात माडांच्या सावलीला वसलेले गाव. ज्या शंकरावरून गावाला हे नाव पडले त्याचे देऊळ किनाऱ्यालगतच असल्यामुळे घंटेचा नाद आणि लाटांचा आवाज एकमेकांत मिसळून घरापर्यंत येतात, आणि आषाढात तर लाटाच तेवढ्या उरतात. वेलणकर हे आडनाव याच गावाने दिलेले. शिवाय पुण्या-मुंबईकडे पांगलेली कित्येक घराणी येथील देवाला कुलदैवत मानून महाशिवरात्रीच्या यात्रेला, अथवा घरात मंगलकार्य झाले की नव्या जोडप्याला घेऊन, येथे येतात. माणसाला गावाची हाक शंभर मैलांवरून ऐकू येते, मग मांजरीला ओटीवरून आगरापर्यंत का ऐकू येऊ नये, असा एक भाबडा विचार प्रारंभी माझ्या मनात होता, हे कबूल केले पाहिजे.

मांजर आणण्याचे कारण मात्र भाबडे नव्हते. बंद घरावर आमच्या आधी उंदरांनी वहिवाट सांगितली होती. माळ्यावरच्या सुपाऱ्या, कणगीतले भात, देवघरातल्या वाती यांची जी नासधूस झाली होती तिचा पंचनामा करावयाचा तर दोन बंद कागद पुरले नसते. माडावरची कोवळी फळेसुद्धा देठाजवळ पोखरलेली, पोकळ होऊन खाली पडत. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी मासळी देण्यास येणाऱ्या बाईंना सौभाग्यवतीने ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी टोपली खाली ठेवण्याच्याही आधी तोडगा सांगितला: "न्या की एक. घरात पाच झालीत. पण गोणीत घालून न्या हं वहिनी, वाट दिसता कामा नये, नाहीतर रात्री परत माझ्या दारात."

मी विचारले, "नाव काय हिचं?"

"मांजराला कसलं नाव भाऊ? मी विळी घेऊन बसले की येतात सगळी."

हे वाक्य मी त्या वेळी हसून सोडून दिले. पुढे जे काही महिनाभराच्या खटाटोपाने आणि छापील शोधनिबंधांच्या आधाराने माझ्या पदरी पडले, त्याचे सार त्या बाईंनी बांधावर उभ्या राहून एका दमात सांगितलेले होते.

मांजरीचा एक कान काळा आणि दुसरा दह्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा होता, आणि जुन्या संस्कारांच्या मनुष्याला ते पाहून पंचतंत्रातला दधिकर्ण आठवला नसता तरच नवल. ज्यांना ती कथा विस्मरली असेल त्यांच्यासाठी सांगतो, की कपिंजल नावाचा पक्षी आणि एक ससा यांचा राहत्या ढोलीच्या मालकीवरून वाद लागतो. फैसला करून घेण्यासाठी ते नदीकाठी तपस्व्याचे सोंग घेऊन उभ्या असलेल्या दधिकर्ण नावाच्या मार्जाराकडे जातात, आणि तो न्यायमूर्ती त्यांना सांगतो की मी वृद्ध झालो, दुरून ऐकू येत नाही, तेव्हा जरा कानाशी येऊन आपली बाजू मांडा. पुढे काय झाले ते सांगावयास नको. वादी-प्रतिवादी दोघेही एकाच निकालात निघाले. हितोपदेशातल्या मार्जाराचे नावही दीर्घकर्ण. महाभारताच्या शांतिपर्वात जाळ्यात अडकलेला आणि पलित नावाच्या उंदराशी तह करणारा जो लोमश मांजर आहे त्याचा अपवाद सोडला, तर आपल्या प्राचीन कथाकारांना मांजराचे नाव ठेवताना कान आठवावा आणि त्या कानाच्या बहिरेपणाचे सोंगही ठाऊक असावे, यामागे घरात मांजर बाळगणाऱ्या कोणा पंडिताचा वैतागाचा अनुभव असला पाहिजे, असे मला आता वाटू लागले आहे.

तेव्हा मी तिचे नाव दधिकर्णी ठेवले. सौ.ने ते ऐकून घेतले आणि तिला मनी म्हणावयास सुरुवात केली. तिच्या माहेरी आणि सासरी मिळून आजवर जितकी मांजरे झाली तितक्या सर्व मनी होत्या, आणि बोके असले तर मन्या. त्यात निवड, ठराव, मंजुरी असा प्रकारच कधी नव्हता. माणसाच्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्र' करावयाचे, मग भोवतालच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालावयाचे, असा जो आपला सोहळा आहे त्याची मला येथे आठवण झाली. कारण त्यातही ज्याला नाव मिळते तो पाळण्यात झोपलेला असतो आणि ते नाव आपले आहे हे त्याला कळावयास पुढे कित्येक महिने जावे लागतात. मनुष्याच्या मुलाला जी सवलत आपण निमूटपणे देतो ती मांजराला देत नाही.

पहिले पाच-सहा दिवस ती कोठीच्या खोलीतून बाहेर आली नाही. नव्या घरात आणलेल्या मांजराला प्रारंभी सगळे घर एकदम मोकळे न करता एकच खोली, लपावयास एक कोपरा, पाणी आणि मातीची पाटी द्यावी, असे जाणते लोक सांगतात, आणि ते योग्यच आहे. ज्याला आपण कोठे आहोत हेच उमगलेले नाही तो आपण कोण आहोत याच्या चौकशीत कसा रस घेणार? सुदैवाने ती माणसांत वाढलेली होती. मांजराच्या पिलाचा जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. तेवढ्यात त्याला मनुष्याचा हात लागला असेल तर ते पुढे मनुष्याला भीत नाही, आणि मासळीवाल्या बाईंच्या चार नातवंडांनी तो हात भरपूर लावलेला होता.

अन्नाच्या प्रश्नाने मात्र घरात थोडा पेच उत्पन्न झाला. आमचे घर शाकाहारी. आणि मांजर हा प्राणी तर निसर्गतःच मांसाहारी, दूधभातावर त्याचे धड भरणपोषण होत नाही, उलट वयात आलेल्या पुष्कळशा मांजरांना दूध पचतही नाही, असे पशुवैद्यांनी स्पष्ट बजावले. शेवटी असा तह ठरला, की मांजरांचे तयार खाद्य गुहागरहून आणावे, ते पडवीच्या पलीकडे ठेवावे, तेथील भांडे स्वयंपाकघरात येऊ नये. आणि दिवेलागणीला सौ.च्या हातून पळीभर दूध, तेवढे केवळ हौसेचे म्हणून, स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी द्यावे. या शेवटच्या कलमाकडे मी त्या वेळी लक्ष दिले नाही.

माझी शिकवणी मी शिस्तीने चालविली. सकाळी खाद्याची बशी हाती घ्यावयाची, दोन पावलांवर बसावयाचे, एकदाच स्वच्छ स्वरात 'दधिकर्णी' म्हणावयाचे आणि लगेच दोन दाणे पुढे टाकावयाचे. तिसऱ्या दिवशी अंतर दोन पावलांवरून पाच पावलांवर न्यावयाचे, आणि पोट भरल्यावर शिकवणी बंद करावयाची. पद्धत चुकीची नव्हती. नाव आणि लाभ यांच्यात क्षणाचेही अंतर पडू नये, एका वेळी आठ-दहांहून अधिक हाका मारू नयेत, नाव लहान असावे, आणि नावाने कधी रागावू नये, ही त्यातली मुख्य सूत्रे. चार अक्षरांचे, सहा मात्रांचे आणि मध्ये रफार असलेले नाव निवडून त्यातल्या एका सूत्राचा भंग मी बारशालाच केला होता. दुसऱ्याचा भंग व्हावयास तीन आठवडे लागले.

रेबीजची लस टोचून घेण्याचा दिवस आला. झाकणाची वेताची टोपली तयार होती, रिक्षा दारात उभी होती, आणि मांजर आगरात सुपारीच्या मुळाशी उन्हात पडलेले. मी ओटीवरून पुकारा केला. माझ्या तीन आठवड्यांच्या परिश्रमांना त्या दिवशी पहिल्यांदा संपूर्ण यश आले, म्हणजे ती उठली, शेपूट उभारून सरळ माझ्यापाशी आली, आणि मी तिला उचलून टोपलीत कोंबून झाकण बांधले. पुढचा दीड तास घाटीच्या रस्त्याने ती जे काही बोलली ते येथे उद्धृत करण्याजोगे नाही. न्यायालयात ज्याला साक्षीचे समन्स म्हणून बोलावले आणि आल्यावर अटकेचा हुकूम दाखविला, तो इसम पुन्हा कधी पुकाऱ्याला येत नाही, हे मला ठाऊक असावयास हवे होते.

येथून पुढे काही दिवस मी नाद सोडून दिला, आणि मांजराला नाव कळते की नाही याविषयी जगात कोणी शहाण्या मनुष्याने विचार केला आहे काय, याचा शोध घेऊ लागलो. तेव्हा कळले की जपानात केला आहे. अत्सुको साइतो या विदुषीने काझुताका शिनोझुका यांच्या सहकार्याने 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला: वीस घरगुती मांजरांना त्यांच्या नावाच्या हाका प्रथम एकामागून एक अशा तीन अनोळखी माणसांच्या आवाजात ऐकवावयाच्या, आणि त्यानंतर मालकाच्या. अनोळखी हाकांना सरावून मांजर हळूहळू निश्चल होत जाते. मालकाचा आवाज येताच ते पुन्हा कान फिरविते, मान वळविते. म्हणजे आवाज ओळखला. पण उठून मालकाकडे जाणे, शेपूट हलविणे, ओ देणे हे प्रकार फारच क्वचित आढळले.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. नाझर शाखेत आम्ही ज्याला बजावणी म्हणतो आणि ज्याला हजेरी म्हणतो त्या दोन निराळ्या बाबी आहेत. समन्स पक्षकाराच्या हाती पडले, त्याने ते वाचले, बेलिफाने तसा अहवाल दिला, की बजावणी पुरी झाली. तो तारखेला येतो की नाही हा त्याच्या मर्जीचा आणि नशिबाचा भाग. मी महिनाभर हजेरीपट मांडून बसलो होतो आणि बजावणीकडे पाहिलेच नव्हते. मांजराची बजावणी त्याच्या कानावर होते. वीसहून अधिक स्नायूंनी बांधलेला, दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे वळणारा तो अवयव आहे. मनुष्याची श्रवणशक्ती वीस हजार हर्ट्झपाशी संपते, मांजराची पंचाऐंशी हजारांच्या आसपास जाते, कारण ज्या सावजाच्या चीत्कारावर त्याचा उदरनिर्वाह चालतो ते सावज आपल्याला ऐकूही न येणाऱ्या पट्टीत बोलते. असा कान आपल्या हाकेला ऐकत नाही असे समजणे म्हणजे दधिकर्णाच्या सोंगाला फसणे होय. (पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजरे पुष्कळदा खरोखरच जन्मतः बहिरी असतात, हा एक निराळा मामला, त्यांच्यामागे उभे राहून कागद चुरगाळून पाहावा आणि मगच दोष द्यावा.)

साइतोबाईंनीच पुढे आपल्या सहकाऱ्यांसह 2019 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात नावाचाच प्रश्न घेतला. एकंदर अठ्ठ्याहत्तर मांजरे, काही घरांतली आणि काही तिकडे ज्यांना मांजरांचे कॅफे म्हणतात त्या उपाहारगृहांतली. रीत अशी, की मांजराला त्याच्या नावाइतक्याच लांबीचे आणि तशाच आघाताचे चार निरनिराळे शब्द ओळीने ऐकवावयाचे, आणि पाचवे त्याचे नाव. चार शब्दांना कान मंदावत गेला आणि पाचव्याला पुन्हा टवकारला, तर नाव इतर शब्दांहून वेगळे ओळखले असे समजावयाचे. पुष्कळ मांजरांनी ते ओळखले, आणि हाक अनोळखी मनुष्याच्या आवाजात असतानाही ओळखले. कॅफेतली मांजरे मात्र आपले नाव आणि सोबतच्या दुसऱ्या मांजराचे नाव यांत फरक करू शकली नाहीत. तेथे येणारे गिऱ्हाईक सगळ्यांनाच सगळ्या नावांनी हाका मारते, आणि कोणाच्याही नावामागून कोणाच्याही वाट्याला काहीतरी येते.

मला हा मुद्दा पटवून घेण्यासाठी तोक्योला जावे लागले नाही. आमच्या वाडीत पर्यटकांना उतरवून घेणारे एक घर आहे. तेथील केशरी बोक्याला शनिवारी आलेली मंडळी एक नाव ठेवतात, रविवारी आलेली दुसरे, आणि तळलेल्या सुरमईचा काटा तर प्रत्येकाकडूनच मिळतो. त्या घरच्या वहिनींना मी विचारले, की हा कोणत्या नावाला येतो? त्या म्हणाल्या, "ताट वाजलं की येतो."

मी तोच प्रयोग करण्याचे ठरविले. जपान्यांनी शब्दांची लांबी जुळविली. आपल्याकडे तर त्यासाठी छंदःशास्त्र तयार आहे. 'दधिकर्णी' म्हणजे दोन लघू, दोन गुरू. त्या मापाचे 'फणसाला', 'पणतीला', 'समईला', 'दगडाशी' असे चार शब्द मी कागदावर उतरविले. 'मनी' म्हणजे एक लघू, एक गुरू. तिच्यासाठी स्वयंपाकघरात नजर फिरविली आणि 'सुरी', 'विळी', 'पळी', 'चुना' हे चार लिहिले. चुना स्वयंपाकघरातला नव्हे, माझ्या पानाच्या डब्यातला. पण वृत्तात बसत होता. सौ.ने कागद हाती घेऊन सपाट स्वरात, दोन शब्दांमध्ये मनात पंधरा अंक मोजून, वाचावयाचे. मी कोपऱ्यात पंच म्हणून वहीत नोंद करावयाची. वेळ दुपारची, मांजर उंबरठ्यावर पाय मुडपून डोळे मिटलेले.

'फणसाला' या शब्दाला काळा कान थोडा वळला. 'पणतीला' म्हणताच पांढरा. 'समईला' आणि 'दगडाशी' यांना काही नाही. मग 'दधिकर्णी'. दोन्ही कान मागे सपाट झाले, डोळे उघडले, आणि ती उठून, धावत नव्हे पण विलंबही न लावता, कणगीमागे गेली आणि संध्याकाळपर्यंत तेथेच राहिली. शास्त्रीय दृष्ट्या पाहता हा निकाल माझ्या बाजूचा होता. नाव तिला उत्तम कळत होते. ते अटकेच्या हुकुमाचे नाव आहे असा तिचा अर्थ होता, आणि तो अर्थ मीच सप्रमाण शिकविला होता.

दुसऱ्या दिवशी 'मनी'ची पाळी. 'सुरी'ला कान वळला, 'विळी'ला त्याहून कमी. 'पळी' हा शब्द सौ.च्या तोंडून बाहेर पडताच मांजर ताडकन उठले, शेपूट उभारून तिच्या पायाशी गेले, आणि तोंड वर करून जे एक दीर्घ म्याव केले त्याने पुढचे दोन शब्द वाचण्याचे प्रयोजनच उरले नाही. तरी नियम म्हणून 'चुना' वाचला, 'मनी' वाचली. त्यातल्या कशालाही तिने दाद दिली नाही.

उलगडा व्हावयास वेळ लागला नाही. गेला महिनाभर रोज दिवेलागणीला आमच्या घरात एक वाक्य न चुकता उच्चारले जात होते: "अगं बाई, पळी कुठे गेली?" त्यानंतर भांड्यांचा आवाज, आणि त्यानंतर दूध. 'मनी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जाई, पण त्यामागून कधी काही येत नसे, सौ. शेजारच्या मांजरीलाही मनी म्हणते, आणि फोनवर पुण्याच्या नातीलाही 'काय करते माझी मनी' असे विचारते. ज्या शब्दाने काही होत नाही त्याला कान सरावतो आणि मग तो शब्द राहत नाही, पागोळ्यांसारखा आवाज होतो. मी अत्यंत विचारपूर्वक एक नाव ठेवले, सौ.ने परंपरेने दुसरे; आणि मांजरीने आम्हा दोघांच्या अर्जांची दखल न घेता, आमच्या वर्तनाची छाननी करून, तिसरेच नाव रुजू केले.

मासळीवाल्या बाईंना मी हा वृत्तांत सांगितला तेव्हा त्यांना त्यात नवल करण्यासारखे काही दिसले नाही. "विळी काय, पळी काय," त्या म्हणाल्या, आणि बांगड्याचे दर सांगू लागल्या. मग आम्ही शाकाहारी असल्याचे आठवून शेजारच्या दाराकडे वळल्या.

मांजर मनुष्याजवळ आले ते कोणी बोलावले म्हणून आले नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. कुत्र्याच्या कित्येक पिढ्या मनुष्याने राखण, शिकार, गुरे वळणे अशा कामांसाठी निवडून घडविल्या, आणि त्या सर्व कामांत हाकेला येणे ही पहिली अट होती. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवितात. एखाद्या मांजराची समाधी माझ्या पाहण्यात नाही. पश्चिम आशियातल्या रानमांजराची जी जात आज घराघरांत आहे ती मनुष्याने धान्य साठवावयास सुरुवात केली तेव्हा धान्याला उंदीर लागले म्हणून आपण होऊन वस्तीत शिरली; सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात मनुष्याशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, म्हणजे हा करार तितका जुना आहे. त्या करारात उंदरांचे कलम आहे, उबेचे आहे. पुकाऱ्याला हजर राहण्याचे कलम कोणी घातलेच नाही. त्यातही गंमत अशी, की मोठी झालेली मांजरे आपापसांत फारशी म्याव करीत नाहीत. पिलू आईपाशी करते, आणि मोठेपणी तो पुकारा राखून ठेवला जातो तो मनुष्यासाठी. हाक मारण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि आपण तर हातातले टाकून उठतोही.

पुढे मी पळी हेच नाव कायम केले. आता शिकवणी म्हणून काही उरले नव्हते, तर जे तिला येत होते ते निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या माणसांकडून म्हणवून घ्यावयाचे होते: प्रथम स्वयंपाकघरात माझ्या आवाजात, मग माजघरातून, मग ओटीवरून, मग आगरात शिंपणे करणाऱ्या गड्याच्या तोंडून, आणि प्रत्येक वेळी, निदान पहिले काही दिवस, हाकेमागून काहीतरी मिळालेच पाहिजे. टोपलीत घालावयाचे असते तेव्हा आम्ही नाव घेत नाही; चोरपावलांनी जाऊन उचलतो. आजची स्थिती अशी, की घरात हाक मारली तर बहुतेक वेळा येते, आगरातून दहांत पाच-सहा वेळा, आणि जुलैत समुद्र गाजत असताना तिला ऐकू गेले की नाही हे ओटीवरून दिसत नाही. पण उन्हात पडलेली असली तर दिसते. डोळे मिटलेले, अंग सैल, आणि फक्त पांढरा कान ओटीच्या दिशेला फिरून क्षणभर थांबतो. मी वहीत 'बजावणी झाली' अशी नोंद करतो आणि पान लावावयास बसतो.

अडचण सौ.ची झाली. दिवेलागणीला पळी खरोखरच सापडेनाशी होते, आणि तिचे नाव घ्यावे तर मांजर वेळेआधीच पायांत घुटमळते. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचे नाव उखाण्यावाचून घेत नसत, सौ.ने तर लग्नानंतर मला कधीच नावाने हाक मारलेली नाही, आणि एस. टी.च्या स्थानकावर शंभर पुरुषांच्या गर्दीत तिने 'अहो' म्हटले तर त्यातला मी एकटाच वळतो. ती सवय आता तिच्या कामी आली. परवा संध्याकाळी ती फडताळापाशी उभी राहून म्हणाली, "अहो, ते दूध वाढायचं कुठाय?"

मी वर्तमानपत्रातून मान वर केली. उंबरठ्यावर एक कान वळला.